न विणलेला गळा

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये मी एकदा अख्खा स्वेटर विणला होता. म्हणजे कंपनीची बस चिंचवडहून निघाली तेव्हा सुईवर पहिला टाका घातला, आणि चाकणला उतरले तेव्हा बटणं लावून, घडी घालून स्वेटर पिशवीत होता. त्याच जॅममध्ये आमच्या बसमधल्या एकाचं लग्न ठरलं, झालं, आणि चाकणचा चौक येईपर्यंत त्याची बायको रुसून माहेरी गेली. हे सगळं मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं होतं. लोकांनी चवीनं वाचलं, पोट धरून हसले, आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. बसावा अशी माझीही अपेक्षा नव्हती. थाप मारणारीला माहीत, ऐकणाऱ्याला माहीत, मग त्यात फसवणूक कुठली?

आज जे सांगतेय त्यात मात्र ऐकणारीला माहीत नव्हतं.

आधी माझा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं पाप कुठल्या धावपळीत झालं ते कळेल. त्यानं पाप हलकं होत नाही, पण सांगायची पद्धत म्हणून. पहाटे पाचला मी उठते तेव्हा कोंबडा माझ्याकडून वेळ विचारून घेतो. तीन डबे, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल, नवऱ्याला तीन हाका. तो हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणजे निम्मा दिवस कंपनीत आणि निम्मा कंपनीच्या कॅबमध्ये. सहा दहाची माझी बस. चाकणच्या अलीकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंची मापं तपासायची आणि केसाच्या जाडीएवढा फरक सापडला की अख्ख्या लाइनीला तोंडावर बोलायचं, हा माझा धंदा. तोंड देवानं पुरेपूर दिलंय, त्यामुळे काम आवडतं.

विणकाम बसमध्ये. जाताना सव्वा तास, येताना देव देईल तितका वेळ. आणि ब्लॉग जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर, एका हातात पोळीचा घास धरून.

सुरुवातीला विणकाम जास्त आणि ब्लॉग कमी असं होतं. आठवड्यात एखादं टोपडं व्हायचं आणि मग त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या. पण विणायला दोन हात लागतात, डोळे लागतात, टाके मोजावे लागतात. सांगायला नुसतं तोंड लागतं, आणि तोंडाचा माझ्याकडे गोदाम भरून माल. हळूहळू असं झालं की पाच ओळी विणायच्या आणि त्यावर पन्नास ओळी लिहायच्या. मग दोन ओळी विणायच्या आणि शंभर लिहायच्या. सासूबाई खुर्चीत बसून हे बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "अगं, ते लोकरीचं भेंडोळं गेले पंधरा दिवस तेवढंच आहे. तू विणतेस का त्याची नुसती गोष्ट सांगतेस?"

"आई, ब्लॉगला लोक थांबलेत."

"आणि स्वेटरला?"

स्वेटरला कोणी थांबलं नव्हतं. तो कुणासाठी नव्हताच. वाचणाऱ्या बायकांनी मागणी केली होती की ताई, थंडी येतेय, तान्ह्या बाळासाठी एक सोपा स्वेटर सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, टाक्यांच्या हिशोबासकट. मी बाणा दाखवून जाहीर केलं, रविवारी देते. आणि खरंच विणायला घेतला. फिक्या पिवळ्या लोकरीची पाठ झाली. पुढचा भाग झाला. बाह्या झाल्या, त्यातली एक जरा लांब, पण बाळांना कुठं कळतं. आणि तेवढ्यात कंपनीत बाहेरच्या लोकांची तपासणी आली, सासूबाईंचा गुडघा सुजला, घरी पाहुणे आले. गळा राहिला.

शनिवारी संध्याकाळी बस मोशीत अडकली होती. पुढे एक लांबलचक ट्रेलर आडवा झाला होता. माझ्या पिशवीत स्वेटरचे तुकडे आणि हातात मोबाइल. गळा विणायला बसले असते तर दोन तासांत झाला असता, आणि ट्रेलरची लक्षणं बघता दोन तास हातात होतेही. पण पोस्ट लिहायला लागले आणि लिहिण्याच्या भरात पाठ, पुढा, बाही असं करत गळ्यापाशी आले. तिथं बोटं थांबली नाहीत. मी लिहिलं, "दोन्ही खांदे शिवून घ्या. मग गळ्याभोवती दहा नंबरच्या सुईवर चव्वेचाळीस टाके उचला आणि दोन सुलट, दोन उलट अशी बोटभर पट्टी विणून तिची टोकं डाव्या खांद्यापाशी शिवून टाका." चव्वेचाळीस कुठून आले? हवेतून. समोरच्या ट्रेलरच्या नंबरात असतील तर मला ठाऊक नाही. दोन-दोनच्या वीणेला चाराच्या पाढ्यातला आकडा लागतो, एवढं बघितलं आणि पुढे गेले. वर लिहिलं, "मी स्वतः विणून पाहिलेला, अगदी हमखास."

फोटोचं काय करायचं? घरी गेल्यावर तुकडे टाचण्यांनी जोडून पलंगावर मांडले आणि गळ्याच्या जागी एक जुनं टोपडं ठेवलं, जणू बाळ आत्ता उठून गेलंय आणि टोपडं विसरलंय. सासूबाई दारातून बघत होत्या.

"मुंडकं छाटलेलं झाकून ठेवलंस होय?"

मी हसले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

पोस्ट चांगली चालली. इतक्या जणींनी ती पुढे पाठवली की मोबाइल तापून त्यावर पापड भाजता आला असता. मी चार दिवस कंपनीत अशी चालत होते, जणू माझ्यामागे बँड वाजतोय.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, ती इथं सांगायलाच हवी. आमच्याकडे प्रत्येक मशीनजवळ चेकशीट टांगलेली असते. दर तासाला एक भाग मोजायचा आणि आकडा लिहायचा, पाळीला आठ आकडे. आणि साऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात जुना रिवाज असा की सकाळी आल्या आल्या आठही आकडे भरून मोकळं व्हायचं. भाग चांगलेच येतात, मग मोजायचं कशाला? त्या दिवशी साडेनऊला मी एका शीटवर दुपारी दोनचा आकडा बघितला. ऑपरेटर माझ्यापेक्षा वयानं मोठा, झुपकेदार मिशांचा, पोरीच्या लग्नाची पत्रिका मला हातानं देऊन गेलेला माणूस. मी त्याला सगळ्या लाइनीसमोर उभं केलं.

"काय हो, तुम्ही ज्योतिषी का? दोन वाजता काय निघणार हे साडेनऊला कळतं तुम्हाला? मग माझ्या प्रमोशनचं पण सांगून टाका!"

सगळे हसले. तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं मॅडम." मी आणखी पाच मिनिटं बोलले. न मोजता आकडा लिहिणं म्हणजे सरळ सरळ खोटं बोलणं, असंही म्हणाले. ते वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ब्लॉगवर पहिली तक्रार आली. बाळंतपणाला माहेरी आलेली एक मुलगी आपल्या आईच्या वतीनं लिहीत होती. "ताई, आईनं तुमचा स्वेटर विणला. मी वाचून दाखवते, ती विणते. सगळं छान झालं, पण गळ्यातून बाळाचं डोकं जात नाही. आई म्हणते माझंच काहीतरी चुकलं असेल. कृपया सांगा."

मी पोळीचा तुकडा खाली ठेवला. मला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चव्वेचाळीस टाके म्हणजे साधारण एक वीत. पट्टी ताणली तरी दीड वीत. तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं दोन वितींचं. यात हिशोब करण्यासारखं काहीच नव्हतं. दिवसाला शेकडो मापं बघणाऱ्या बाईला एका बाळाचं डोकं केवढं असतं हे माहीत नव्हतं असं नाही. तिनं ते बघितलंच नव्हतं.

तेव्हा एवढंच लिहायचं होतं: चूक माझी, गळा मी विणला नव्हता. दोन ओळी. पण खाली बायकांची वाहवा होती, बदामाची चिन्हं होती, आणि सगळ्यात वर माझंच "अगदी हमखास". मी लिहिलं, "अहो, घाबरू नका. नवीन विणणाऱ्यांचा हात घट्ट असतो. आईंना सांगा, हात सैल सोडा आणि दहाऐवजी आठ नंबरची जाड सुई घ्या." शेवटी एक हसरा चेहरा टाकला.

तो हसरा चेहरा अजून तिथं आहे. मी तो काढलेला नाही.

चार दिवसांनी मुलीचं पुन्हा आलं. आईनं गळा उसवला, आठ नंबरच्या सुया आणल्या, पुन्हा विणला. जात नाही. मी लिहिलं, "टाके शेवटी बंद करताना घट्ट ओढत असतील." पुन्हा उसवला, एकदा नव्हे, तीनदा. पुन्हा विणला. जात नाही. मग तिसऱ्यांदा आलं आणि ते वाचताना आमच्या कँटीनमधले सगळे पंखे एकदम बंद पडले असावेत, एवढा मला घाम आला. "ताई, आता राहू दे. आईनं चार वेळा उसवलं, लोकर पिंजल्यासारखी झाली. तीन दिवस झाले, सुयांना हात लावत नाही. म्हणते, माझं वय झालं, माझ्या हातात आता काही राहिलं नाही. पुढच्या गुरुवारी सासरचे मला आणि बाळाला न्यायला येणार. बाळंतविडा सगळा दुकानातून आणलेला आहे, आईची फार इच्छा होती, त्यात एक तरी वस्तू आपल्या हातची असावी. असो. तुम्ही एवढं सांगितलंत, आभारी आहोत." आणि खाली गावाचं नाव. निघोजे.

निघोजे म्हणजे आमच्या कंपनीच्या गच्चीवरून दिसतं. मला वाटत होतं, माझे वाचक कुठेतरी दूर, ढगात वगैरे असतात. ही बाई मी जेवत होते तिथून चालत अर्ध्या तासावर बसून माझा आकडा विणत आणि उसवत होती.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते. बाकी जगाचा रविवार, आमचा गुरुवार. सासरचे येणार होते त्याच गुरुवारी सकाळी मी पिशवी भरायला लागले तशा सासूबाई म्हणाल्या, "कुठं?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं.

"सांगणार आहेस का तिथं जाऊन?"

"आधी स्वेटर तर नीट करून देते ना, आई."

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या आणि पेपर वाचायला लागल्या.

त्यांचं बरोबर होतं. माझा बेत असा होता की जायचं, "म्हटलं, स्वतःच येऊन बघावं" असं म्हणायचं, गळा उसवून मोजून बहात्तर टाके उचलायचे, पटापट विणून द्यायचे आणि देवदूतासारखं परत यायचं. वर त्याची एक झकास पोस्ट. स्कूटरवरून वाटेतल्या कुरुळीपर्यंत जाईस्तोवर त्या पोस्टचं पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं. इतकी मी वाईट आहे, आणि यात अतिशयोक्ती नाही.

पत्ता मुलीनं आनंदानं पाठवला होता. चार खोल्यांचं पक्कं घर, मागं गोठा, समोर भाड्यानं दिलेल्या खोल्यांची चाळ. ओट्यावर मुलीच्या आई उभ्याच होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी गाडी लावायच्या आत त्यांनी पायावर पाणी घालायला तांब्या आणला.

"या बाई. आमच्या घरी तुमी यावं, म्हंजी लईच झालं. पोरगी रोज वाचून दावती तुमचं. बसमंदलं समदं सपान सांगितल्यावानी लिवता. त्या बसमंदी लगीन लागलं ते खरंच का ओ?"

"नाही हो मावशी, ती गंमत."

"व्हय, गंमतच म्हनलं आमी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. थाप कुठली आणि माहिती कुठली हे त्यांना नीट कळत होतं. स्वेटर त्यांनी माहितीत धरला होता.

आत दुपट्यावर बाळ पडलं होतं. मुलगा. डोकं चांगलं गोल, कलिंगडासारखं, त्या चव्वेचाळीस टाक्यांना ठेंगा दाखवत. मुलीनं पोहे दिले, वर खोबरं, वर कोथिंबीर, वर लिंबाची फोड. चहा दिला. शेजारच्या दोघी मुद्दाम मला बघायला आल्या. मावशी त्यांना म्हणाल्या, "ह्या त्या. ह्यांच्यामुळं मी सुया धरल्या. जल्मभर गोधड्या शिवल्या, पर इणकाम ह्यांचं वाचून शिकले." मी पोह्यांतलं खोबरं चमच्यानं बाजूला करत बसले.

"ताई, कंपनीत तुमचं काम काय?" मुलीनं विचारलं.

"मापं तपासते."

"बघ आये! म्हणून एवढं बरोबर लिहितात."

मावशींनी ट्रंकेतून स्वेटर काढला. पिवळा. मी हातात घेतला आणि उलटसुलट बघितला. एकाही ओळीत उणाअधिक टाका नव्हता. दोन्ही बाह्या सारख्या. खांद्याची शिवण गोधडीच्या टाक्यासारखी बारीक. माझ्या सात जन्मांत मी इतकं सारखं विणलेलं नाही. फक्त गळ्यापाशी लोकर चार वेळा उसवून केसाळ झाली होती, चघळल्यासारखी.

"हात घट्ट हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. अशा सुरात, जसं डॉक्टरला विचारतात.

आणि मी म्हणाले, "थोडासा."

हे मला लिहावंसं वाटत नाही. पण मी म्हणाले.

मुलगी म्हणाली, "ताई, तुमचा फोटोतला स्वेटर आणलाय का? आईला शेजारी ठेवून दाखवलं तर कळेल कुठं फरक पडतोय."

"तो ना, माझ्या भाच्याला दिला." हेही क्षणात आलं. मला भाचा नाही. खोटं बोलायला मला कधी श्रम पडत नाहीत, बाहेर येतं तेव्हा मलाच कळतं काय बोलले ते.

मावशींनी मान हलवली. मग उठल्या, फळीवरून सुयांचे दोन जोड काढले, दहा नंबरचा आणि आठ नंबरचा, त्यांना रबर गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्या तुमी न्या बाई. आमच्याकडं पडून गंजतील. तुमच्या हातात चांगल्या ऱ्हातील. आता ह्या हातांनी काय जमायचं न्हाई, ते कळलं मला. वाईट न्हाई वाटलं. वय झाल्यावर कळायलाच पायजे."

त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांनी तोंड बाळाकडे केलं होतं म्हणून दिसलं नाही एवढंच. मी त्या सुया घेण्यासाठी हात पुढे केला, खरंच केला, आणि तो तिथंच राहिला.

"मावशी, चूक तुमची नाही," मी म्हणाले. "गळा मी विणलाच नव्हता."

शेजारच्या दोघींपैकी एकीनं कप खाली ठेवला.

"म्हंजी?" मावशी म्हणाल्या.

"पाठ, पुढा, बाह्या विणल्या. गळा विणायचा राहिला. आकडा तसाच लिहिला."

"इनलाच न्हाई?"

"नाही."

"मंग लिवला कसा?"

"अंदाजानं."

"अंदाजानं," त्या म्हणाल्या. "आणि फोटूत?"

"वर टोपडं ठेवलं होतं."

मुलगी पुढे सरकली. ती म्हणाली, "आणि हात घट्ट आहे, ते?"

आयुष्यात पहिल्यांदा मी थाप शोधली नाही. मी म्हणाले, "ते मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. लाज वाटली म्हणून तुमच्या हातावर ढकललं." आणि मग थांबता येईना म्हणून, "भाचापण नाही मला," हेही सांगून टाकलं.

यावर शेजारणींपैकी एक फस्सकन हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी स्वेटरचा गळा दोन बोटांनी ताणून बघितला. मग आवाज न चढवता बोलल्या, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"आमच्या मालकांनी बांधाचं माप असं अंदाजानं सांगितलं असतं, तर भावकीत डोकी फुटली असती. तुमी शिकलेल्या. मला एक सांगा बाई. लेकराच्या कापडाचा गळा कवा मिटलेला असतोय का? झबल्याला म्होरं बंद असत्यात, सोडायचं, घालायचं, बांधायचं. पाच लेकरांची झबली शिवली मी. मला ठावं होतं की हितं फट ठेवाया पायजे. पैल्याच टायमाला ठावं होतं. पर तुमी लिवलं हुतं, दोन्ही खांदे शिवून घ्या. म्हनलं लिवलंय म्हंजी बरुबर असंल, आपलंच डोकं चालत न्हाई."

मी मान खाली घातली. पुढ्यातल्या बशीत लिंबाची फोड होती, तिच्यातल्या बिया मोजल्या. चार होत्या. हे मोजलेलं आहे.

"किती वाजता येणारेत?" मावशींनी मुलीला विचारलं.

"चारला निघायचं म्हणालेत. तीनपर्यंत येतील."

"मंग बसलीस काय? सुई दे. गोधडीची दे, बारीक."

मी घाईनं म्हणाले, "मावशी, मी उसवते, बहात्तर टाके उचलून दोन तासांत..."

"तुमी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला, डाव्या खांद्याच्या शिवणीतला एक दोरा नखानं उचलला आणि सुईच्या टोकानं सोडवत गेल्या. गळ्याची पट्टी आणि खांदा, चार बोटं उघडा झाला. उसवलेल्या कडेला बारीक टाका घातला. मग उरलेल्या लोकरीचे तीन तीन पदर घेऊन घट्ट वेण्या घातल्या, चार, बोटाएवढ्या लांब, आणि त्या खांद्याच्या दोन्ही कडांना बंदांसारख्या शिवल्या. त्यांचे हात अजिबात थरथरत नव्हते. मला एकच काम मिळालं. वेणी घालताना लोकरीचं दुसरं टोक धरून बसायचं. मी ते धरलं. इतकं नीट मी कंपनीत मोजमापाचा गेजसुद्धा धरत नाही.

बाळाला उचललं. डोकं एका बाजूनं आत गेलं, पिवळ्या लोकरीत क्षणभर अडकलं, आणि मग ते बाहेर आलं, केस उभे राहिलेले, चेहरा संतापलेला. ते जोरात रडलं. मुलगीपण रडायला लागली. मावशींनी दोन बंद बांधले आणि बाळाच्या छातीवरून हात फिरवला. मग स्वतःच्याच बोटांकडे बघितलं, वळवून, दोन्ही बाजूंनी.

तीनला सासरचे आले. बैठकीत बाळंतविडा मांडला होता, दुकानातल्या खोक्यांचा ढीग. विहीणबाईंनी नातवाला घेतलं आणि लगेच खांद्याचे बंद चाचपले. "हा कुठून आणला? असे बंद कुठं मिळतात आता?"

"मी इनलाय," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही? या वयात?"

"व्हय. वयाला काय झालंय."

मग विहीणबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. कोपऱ्यात, हातात लोकरीचे तुकडे घेऊन मी अवघडून बसले होते. "ह्या कोण?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. आता इथं त्या काहीही सांगू शकत होत्या, आणि त्यांनी जे सांगितलं असतं ते खरंच असतं. मी तयार होते.

"ह्या कंपनीतल्या बाई हायेत," त्या म्हणाल्या. "मापं चुकली का काय ते बघाया आल्या हुत्या."

मुलीनं पदरात तोंड लपवलं. मी "हो" म्हणाले.

सासरचे गेल्यावर मी निघाले, तेव्हा मावशी ओट्यापर्यंत आल्या. सुया त्यांनी परत फळीवर ठेवल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानं थांबवलं. "माजं झालं बाई. माजं लेकरू स्वेटर घालून गेलं. पर तुमचं वाचून लई बायकांनी इनला असंल. माज्या घरी वाचून दावायला पोरगी हुती, ती तुमास्नी लिवत बसली. बाकीच्यांचं काय?"

मी घरी येऊन तयार असलेलं पहिलं वाक्य पुसलं. संध्याकाळच्या उजेडात गॅलरीत बसून लिहिलं की गळ्याचा आकडा खोटा आहे, गळा मी विणलेला नाही, फोटोत टोपडं झाकण म्हणून ठेवलं होतं, आणि हात घट्ट आहे असं मी ज्यांना सांगितलं त्यांचा हात चांगला होता. खाली खरी पद्धत लिहिली, एक खांदा उघडा ठेवून त्याला बंद लावायची. ती कुणाची हे सांगितलं नाही, कारण मावशींनी बजावलं होतं, आमचं नाव नका घालू. "मी शोधली" असंही लिहिलं नाही, आणि तो मोह मला झाला होता हे कबूल करते. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लहान झालंय." म्हटलं, "हो."

त्या पोस्टला फारशी वाहवा मिळाली नाही. पण हळूहळू बायका लिहायला लागल्या. एकीनं तो स्वेटर नातीच्या बाहुलीला घातला होता. एकीनं गळा कात्रीनं कापला होता, आणि सगळी वीण निसटली होती. तिघीचौघींनी मला रागानं काय काय लिहिलं, ते मी काढलेलं नाही. आणि एकीनं, कुठली ते तिनं लिहिलं नाही, फक्त एवढंच लिहिलं: "मला वाटलं मलाच जमत नाही. मी सुया आणि लोकर देऊन टाकली."

मी तिला लगेच उत्तर लिहिलं. सुया मी पाठवते, लोकर पाठवते, फक्त पत्ता कळवा. दोन महिने होत आले. बसमध्ये मी आता मोबाइल पिशवीत ठेवते आणि विणते. बहात्तर टाके मोजून, दोनदा मोजून, माझ्या त्या अर्धवट पिवळ्या स्वेटरचा गळा पुरा केला. मोशी आली की मात्र एकदा मोबाइल काढून बघते. तिचं अजून काही आलेलं नाही.